दिवा वर यायलाच हवा

गाडीच्या उतरत्या नाकावर दोन झाकणे. चालकाने कळ फिरवली की ती उचलली जातात, खालून दिवे वर येतात आणि रस्ता उजळतो. कळ बंद केली की दिवे आत जातात आणि पत्रा पुन्हा सपाट होतो. १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत वेगवान गाडीची ही ओळखच होती. लँबॉर्गिनी काउंटाश, फेरारी टेस्टारोसा, पोर्शे ९४४, माझदा आरएक्स-७, टोयोटाची एई८६ ट्रुएनो. देश वेगळे, किमतींत जमीन-अस्मानाचा फरक, पण संध्याकाळी दिवे उघडण्याची रीत एकच.

यांतली सर्वांत अलीकडची गाडीही आता वीस वर्षांपलीकडे गेली आहे. इंजिन सुरेख चालते, रंग झळकतो, आणि अंधार पडल्यावर एकच दिवा वर येतो. दुसरा झाकणाखाली नुसता घरघरतो, अर्ध्यावर अडकतो किंवा मुळीच हलत नाही. हा संग्रह त्या दुसऱ्या दिव्याविषयी आहे.

मुठीएवढ्या मोटरवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. पहिले उत्तर सुरक्षिततेचे आहे. रेडिओ बंद पडला तर गाडी घरी नेता येते. दिवा बंद पडला तर रात्री नेता येत नाही. दुसरे उत्तर शिकण्याचे आहे. वीज, यांत्रिकी, प्लॅस्टिकचे गुणदोष आणि वाहतुकीचे कायदे या चारही गोष्टी या यंत्रात एकत्र येतात, आणि ते स्क्रू-ड्रायव्हर व मल्टिमीटर घेऊन कोणालाही उघडून पाहता येते. इतके काही शिकवणारा आणि इतक्या सहज उघडणारा भाग गाडीत दुसरा क्वचितच असेल.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. बहुतेक गाड्यांत प्रत्येक दिव्यामागे १२ व्होल्टची एक छोटी डीसी मोटर असते. तिच्या दांड्यावर वर्म, म्हणजे आटे पाडलेला लांबट गिअर, असतो आणि तो एका मोठ्या गोल गिअरला फिरवतो. मोटर भराभर फिरते. गोल गिअर सावकाश, पण जोर लावून फिरतो. त्याच्या दांड्यावर बाहेरून क्रँक, क्रँकला सळी आणि सळीच्या टोकाला बिजागरीवर बसवलेले दिव्याचे घर. दिवा पूर्ण वर आला की मोटर थांबावी म्हणून लिमिट स्विच, आणि मोटरचा सगळा प्रवाह चालकाच्या नाजूक कळीतून जाऊ नये म्हणून रिले. आपल्याकडच्या ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनने वायपरची मोटर खोलली आहे, त्याला यात अनोळखी असे फारच थोडे सापडेल. तोच वर्म, तोच नायलॉनचा गिअर, तोच क्रँक, आणि काच पुसून झाल्यावर दांडी ठरल्या जागी थांबवणारा तसाच स्विच.

वर्मचा एक गुण मात्र इथे विशेष महत्त्वाचा ठरतो. वर्म गिअरला फिरवू शकतो, पण गिअर वर्मला सहसा उलटा फिरवू शकत नाही. म्हणून वीज गेली तरी वर आलेला दिवा स्वतःच्या वजनाने किंवा वाऱ्याच्या रेट्याने खाली बसत नाही. अमेरिकेत १९६९ पासून लागू झालेल्या ११२ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकाने हीच अपेक्षा कायद्यात मांडली. पेटलेल्या दिव्याचे झाकण वीज तुटली तरी उघडेच राहिले पाहिजे. बंद झाकण बिघाड झाल्यावर कोणत्याही हत्याराविना उघडता आले पाहिजे. कळ दाबल्यापासून तीन सेकंदांत ते पूर्ण उघडले पाहिजे, आणि तेही उणे २९ अंशांच्या थंडीत तसेच ४९ अंशांच्या उन्हात. अनेक मोटरींवर हाताने फिरवायची छोटी गोल मूठ असते, तिचा उगम या अटीत आहे. माझदा एमएक्स-५ मध्ये ती रबरी टोपीखाली असते आणि कित्येक मालकांना ती पहिल्यांदा दिवा अडकल्यावरच दिसते.

बिघाड झालाच तर तो उजेडाच्या बाजूला व्हावा, हे या सगळ्याचे सार. यंत्र घडवणाऱ्यांनी ते कधी पाळले, कधी विसरले. दुरुस्ती करणाऱ्याला ते विसरता येत नाही. या संग्रहातला प्रत्येक उपाय याच कसोटीवर घासून घेतला आहे.

झाकलेल्या दिव्यांचा इतिहास मोटरच्या आधी सुरू होतो. अमेरिकेतल्या कॉर्ड कंपनीच्या १९३६ च्या ८१० मॉडेलमध्ये गॉर्डन ब्युरिग यांनी पुढच्या मडगार्डमध्ये दिवे लपवले. त्यासाठी स्टिन्सन विमानांच्या लँडिंग दिव्यांचा आधार घेतला होता आणि ते उघडायला डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल होती. १९४२ च्या डीसोटोवरही झाकणाआडचे दिवे आले, पण युद्धाने ती वाट तिथेच थांबवली.

खरा बहर आला तो साठच्या दशकात, आणि त्यामागे सौंदर्याइतकाच कायदा होता. अमेरिकेने १९४० पासून सात इंची गोल सील्ड बीम दिवा ठरवून दिला होता. काच, आरसा आणि तार एकाच बंद भांड्यात असलेला हा दिवा स्वस्त होता, कुठेही मिळत होता, पण आकाराने बोजड होता. पुढे चार लहान गोल दिव्यांना आणि १९७५ पासून चौकोनी दिव्यांना परवानगी मिळाली, तरी नाकाच्या आकाराप्रमाणे वाकवलेली काच चालत नव्हती. १९६८ मध्ये दिव्यावरची स्वतंत्र पारदर्शक झाकणेही बंद झाली. जग्वार ई-टाइपची देखणी काच त्याच सुमारास गेली. फेरारीच्या डेटोनामध्ये प्लेक्सिग्लासमागचे दिवे जाऊन १९७१ मध्ये उघडमिट करणारे दिवे आले, तेही अमेरिकेच्या बाजारासाठी. शिवाय दिवा जमिनीपासून ठरावीक उंचीवर हवा, अशी अट अमेरिकेत आणि युरोपात दोन्हीकडे होती. नाक वाऱ्यासाठी खाली न्यायचे आणि दिवा कायद्यासाठी वर ठेवायचा, या पेचातून डिझायनरांनी काढलेली वाट म्हणजे दिव्याला दिलेली ही पापणी.

ती उघडायची कशी, याची उत्तरे मात्र वेगवेगळी निघाली. बिघाड शोधताना आपल्यासमोरची गाडी त्यांतल्या कोणत्या वंशातली, हे आधी ओळखावे लागते. पहिला वंश हाताच्या बळाचा. १९६८ च्या ओपेल जीटीमध्ये गिअरजवळचा दांडा ढकलला की दोन्ही दिवे एकाच दिशेने कुशीवर वळून बाहेर येतात. तिथे मोटर नाही. झिजतात केबल आणि सांधे.

दुसरा वंश व्हॅक्यूमचा. इंजिन हवा खेचते तेव्हा निर्माण होणारी पोकळी साठवून तिच्या जोरावर दिवे हलवायचे. १९६२ च्या लोटस एलानने चासीच्या पुढच्या आडव्या नळीलाच तिची टाकी केले. १९६८ ते १९८२ च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्येही व्हॅक्यूमच होता. रबरी नळ्या म्हाताऱ्या झाल्या की हवा गळते आणि एक दिवा दुसऱ्याच्या मागून, आळसावत वर येतो. आधीच्या एलानमध्ये पोकळी दिव्याला वर उचलत असे, म्हणून गळती झाली की दिवे झुकत. नंतरच्या एलानमध्ये उलट केले: पोकळी दिव्याला खाली धरून ठेवते आणि ती गेली की स्प्रिंग दिवा वर ढकलते. भाग जवळजवळ तेच, पण बिघाडाची दिशा बदलली. या विषयातला सर्वांत मोलाचा धडा मला या एका बदलात दिसतो.

तिसरा वंश एका मोटरचा. १९७६ ची पोर्शे ९२४ आणि नंतरची ९४४ यांत एकच मोटर आडव्या सळीने दोन्ही दिवे हलवते. चौथा वंश दोन स्वतंत्र मोटरींचा, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा. एक मोटर की दोन, एवढे कळले तरी अर्धे निदान होते. ९४४ मध्ये दोन्ही दिवे गप्प असतील तर संशय फ्यूज, रिले आणि मोटरवर. एकच मागे राहिला तर सळी आणि सांध्यांवर. एमएक्स-५ मध्ये मात्र एक दिवा मागे राहिला तर त्याच बाजूची मोटर, तिचा प्लग आणि तिचे अर्थिंग तपासायचे.

दोन मोटरींच्या वंशातही मोटर कधी थांबायची, हे ठरवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एमएक्स-५ ची मोटर नेहमी एकाच दिशेने फिरते: अर्ध्या फेऱ्यात क्रँक दिवा वर नेतो, उरलेल्या अर्ध्यात खाली आणतो. कुठे थांबायचे हे आतल्या तबकडीवरचे तांब्याचे पट्टे सांगतात. त्या पट्ट्यांवर जुने ग्रीस साचले किंवा ते झिजले, तर दिवा थांबायचे विसरतो आणि वर-खाली करत राहतो. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ १९८७ पासूनच्या पाँटिॲक फिएरोत, लिमिट स्विचऐवजी एक इलेक्ट्रॉनिक मोड्यूल मोटरचा प्रवाह पाहते. दिवा टोकाला टेकून मोटर अडली आणि प्रवाह वाढला की वीज तोडते. आतला गिअर निसटत असेल तर मोटर अडतच नाही. दिवा वर आल्यावरही काही सेकंद येणारी घरघर हे त्याचे लक्षण. कान तयार असेल तर झाकण न उघडता निम्मे निदान होते.

मग नेमके बिघडते काय? मोटर बदलायला आलेल्या गाडीत दोष पुष्कळदा मोटरच्या बाहेरच निघतो. नाकाच्या टोकाला, चाकाने उडवलेल्या पाण्यात आणि थंड देशांत रस्त्यावरच्या मिठात तीस वर्षे काढलेले प्लग हिरवे पडतात. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढतो. मोटर फिरत नसताना तिच्या प्लगवर १२ व्होल्ट दिसतात, पण भार पडताच ते कोसळतात. म्हणून मोजमाप भाराखालीच करायचे. सांध्यांतले प्लॅस्टिकचे बुश झिजतात आणि दिवा वर येऊन थरथरत राहतो. हे सगळे निर्दोष निघाले तरच मोटरचा संशय धरावा.

मोटरच्या आत तीन ठिकाणे दुबळी असतात. ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट होते आणि मोटरला स्वतःच्या ग्रीसशीच झगडावे लागते. कार्बन ब्रश झिजतात, कॉम्युटेटरवर काजळी धरते. आणि नायलॉनचा गिअर दात टाकतो. पाँटिॲक फायरबर्ड आणि व्हॅक्यूम सोडून मोटरींकडे वळलेल्या नंतरच्या कॉर्व्हेटच्या मोटरींची ही तक्रार जगभर माहीत आहे. नंतरच्या फिएरोच्या मोटरीत गिअर आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये धक्का सोसायला प्लॅस्टिकचे तीन छोटे तुकडे असतात. काही वर्षांनी त्यांचा भुगा होतो, मोटर फिरते आणि दिवा जागचा हलत नाही. मोटर मेली असे समजून ती फेकून देणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात आतली मोटर धडधाकट असते. मेलेले असतात तीन तुकडे.

इथून दुरुस्तीचे पंथ सुरू होतात. पहिला पंथ बदलण्याचा: जुनी मोटर काढायची, दुसरी बसवायची. वेळ कमी, हमी सोपी. पण नवी मोटर फारशी मिळत नाही, आणि भंगारातून आणलेली मोटर तितक्याच वर्षांची असते. डावी-उजवी मोटर वेगळी असलेल्या गाड्यांत चुकीच्या बाजूची मोटर पदरात पडते, ते वेगळेच. दुसरा पंथ उघडून नीट करण्याचा: जुने ग्रीस काढायचे, प्लॅस्टिकला मानवणारे नवे ग्रीस भरायचे, ब्रश आणि बुश बदलायचे. काही गिअरचा एकच भाग वर्षानुवर्षे दात झिजवत असतो. तो गिअर अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवला की न वापरलेले दात कामाला लागतात. पैसा न लागणारी, निव्वळ समजुतीवर चालणारी ही युक्ती मला दुरुस्तीच्या विचाराचा उत्तम नमुना वाटते.

तिसरा पंथ मूळ भागाहून मजबूत भाग घालण्याचा. नायलॉनऐवजी पितळेचा किंवा ब्राँझचा गिअर घातला की दात तुटायचा प्रश्न मिटतो. विरोधकांचे म्हणणे असे की नायलॉनचा गिअर तुटतो तेव्हा तो मोटर आणि सळ्यांना वाचवतो; धातूचा गिअर न तुटता सगळा ताण पुढे ढकलतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सांधे मोकळे असतील, लिमिट स्विच किंवा मोड्यूल ठीक असेल, तर धातूचा गिअर चांगला टिकतो. सांधे अडकलेले असताना तो घालणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून पुढच्या भागाकडे सरकवणे. चौथा पंथ मूळपणा जपणाऱ्यांचा, ज्यांना स्क्रूच्या डोक्यावरची खूणही जशी होती तशी हवी. पाचवा पंथ यंत्रच काढून दिवे कायमचे उघडे किंवा स्थिर करण्याचा. शर्यतीच्या गाडीत त्यामागची गरज समजते, पण त्या गाडीचे वेगळेपण त्याने कायमचे पुसले जाते. हा संग्रह दुसऱ्या पंथाच्या बाजूने उभा आहे आणि तिसऱ्याला विचारपूर्वक जागा देतो.

हे दिवे का गेले, याचेही उत्तर नवख्या वाचकाला हवे. १९८३ मध्ये अमेरिकेने बदलता येणाऱ्या बल्बचे, गाडीच्या आकाराचे दिवे मान्य केले आणि १९८४ च्या लिंकन मार्क ७ वर ते आले. लपवण्याचे मूळ कारणच तिथे सैल झाले. स्वीडनने १९७७ पासून दिवसाही दिवे लावणे सक्तीचे केले होते, पुढे कॅनडाने नव्या गाड्यांना तशी सोय बंधनकारक केली. दिवसभर दिवे उघडे ठेवायचे तर झाकणाचा उपयोग काय? भारतात २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा आपोआप पेटलेला असतो, तोही याच विचाराचा भाग. पादचाऱ्यांना कमी इजा व्हावी म्हणून युरोपने २००३ मध्ये गाडीच्या पुढच्या भागाचे नियम कडक केले. वजन आणि खर्च तर होताच. २००४ मध्ये कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्रिट थांबल्या, आणि मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांमधून हे दिवे गेले.

कारखान्यातून ते गेले, पण रस्त्यावरून गेले नाहीत. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च १९८९ ते १९९७ या काळात चार लाखांहून अधिक बनल्या. शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या १९९५ पासूनच्या चित्रकथेने एई८६ ट्रुएनोला नव्या पिढीचे प्रेम मिळवून दिले. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या एमएक्स-५ साठी पुनर्बांधणीची सेवा जाहीर केली. टोयोटाही जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे काही भाग पुन्हा बनवते. मागणी आहे, पण प्रत्येक मोटरचा प्रत्येक भाग कंपनी कधीच बनवणार नाही. उरलेली पोकळी दुरुस्ती जाणणाऱ्यांनीच भरायची आहे.

भारतात या गाड्या फार आल्या नाहीत. त्या काळात आपला बाजारच बंद होता. तरी हा विषय मराठीत यावा, याला दोन सबळ कारणे आहेत. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांपैकी ज्यांनी अशी गाडी हौसेने घेतली आहे, त्यांना आपल्या भाषेत यंत्र समजून घ्यायला आवडेल. दुसरे कारण अधिक मोठे. आपल्या गल्लीबोळांतल्या आर्मेचर वाइंडिंगच्या दुकानांत, वायपर आणि पॉवर विंडोच्या मोटरी जिवंत करणाऱ्या हातांत हेच ज्ञान आहे, पण ते लिहिले गेलेले नाही. पदविकेला शिकणाऱ्या मुलाला ते पाठ्यपुस्तकात भेटत नाही, आणि उस्तादाचा हात थांबला की ते त्याच्याबरोबर जाते.

शिवाय काळ असा आहे की बिघडलेली वस्तू उघडण्याचा हक्कच वादाचा झाला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या माहितीच्या हक्काला कौल दिला. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि तिने पाहायच्या चार क्षेत्रांत वाहने होती. नव्या गाड्यांत दिव्याचा अख्खा संच सीलबंद येतो. आत एक छोटा भाग गेला तरी पूर्ण संच बदलावा लागतो. स्क्रूने उघडणारी आणि हाताने फिरणारी ही जुनी मोटर त्यापुढे ठेवून पाहावी. पुढच्या अभियंत्यांनी तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

या संग्रहाचा प्रयत्न त्यामुळे दुहेरी आहे. प्रत्येक वंशाची गाडी समोर ठेवून निदानाची पद्धत शिकवायची: आधी पाहा, मग ऐका, मग मोजा आणि शेवटी उघडा. आणि प्रत्येक दुरुस्तीमागचा विचार उघड करायचा, म्हणजे इथे नसलेल्या गाडीपुढेही वाचक अडणार नाही. एक सूचना मात्र पुढे सगळीकडे गृहीत धरली आहे. झाकणात हात घालण्याआधी बॅटरीची तार काढा. रिले अचानक जुळला तर ही मोटर बोटे चिरडण्याइतकी जोरकस आहे.

काम पुरे झाले, असे कधी म्हणायचे? पेटलेल्या दिव्यांच्या मोटरींची वीज तोडल्यावर ते वरच राहतात का? बंद दिवे मुठीने उघडता येतात का? दोन्ही दिवे बरोबर वर येतात का, आणि प्रकाश पूर्वी होता त्या उंचीवर पडतो का? चारही उत्तरे होकारार्थी आली तर गाडी रस्त्यावर न्या. एक जरी नकारार्थी आले, तर ती गॅरेजमध्येच राहू द्या आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासा.